आधी शहराला आपल्याला पाहू द्यायचं

आमच्या घरातून कुणी परदेशी निघालं की मला बोलावावं लागत नाही, मी आपोआप येऊन बसते. गेल्या उन्हाळ्यात धाकटी लेक सिंगापूरला निघाली होती. बॅगेला चाकं, फोनमध्ये नकाशा, हॉटेलच्या खोलीचे फोटो आधीच बघून झालेले. मी तिच्या पलंगावर टेकले आणि नुसता घसा खाकरला, तर आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आली लंका." लेक म्हणाली, "आई, लंका नको ना, मला पॅकिंग करायचंय." मी म्हटलं, "मी कुठे काय बोलले?" पण खरं म्हणजे मी लंकाच सांगणार होते. आणि लंका सांगायची तर वनमालाबाई सांगाव्या लागतात. घरच्यांनी ऐकलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

वनमालाबाई राजुऱ्याला आमच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी तिथे नवी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. उंच, काटक, चालताना पुढे झुकलेल्या, जणू समोरून वारा येतोय. अंगावर फिकट रंगाची सुती साडी, पायात पुरुषांच्या दुकानातल्या चपला, कारण "बायकांच्या चपला चालासाठी नाई, दाखवासाठी असतात." लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "येळ नाई भेटला." एवढ्या सरळ आवाजात म्हणायच्या की विचारणाऱ्यालाच वाटायचं, आपण एवढ्या कामाच्या बाईचा वेळ घेतोय.

त्यांना रिकामे हात सहन होत नसत. शिक्षकांच्या सभेत तालुक्याचे साहेब भाषण करत असले तरी बाईंच्या मांडीवर कुणाच्या तरी घरच्या शेंगा असायच्या आणि बोटं सोलत असायची. साहेबांनी एकदा नाराजीनं पाहिलं, तर बाईंनी त्यांच्यापुढे सोललेले दाणे धरले. साहेबांनी घेतले. भाषणही लवकर आटोपलं.

नोकरीची सुरुवात त्यांनी सिरोंच्याला केली होती, तिकडे गोदावरीच्या काठी, जिथे अर्धा बाजार तेलगूत चालतो. बाईंनाही तेलगू यायची. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं होतं की बल्लारशाहच्या खाली जेवढ्या भाषा आहेत तेवढ्या सगळ्या त्यांना येतात. "तमिळ म्हंजे का वं, तेलगूची चुलत बहीण. वळखीनं होऊन जाते." पुढे तमिळनं त्यांना अजिबात ओळख दाखवली नाही, पण तो भाग नंतर.

बाई मूळच्या माजरीच्या. वडील कोळशाच्या खाणीत होते. वडील गेल्यावर घरात माय आणि बाईंपेक्षा पुष्कळ लहान भाऊ, सुखदेव. त्याला बाईंनीच वाढवला, शिकवला, नागपूरला कॉलेजात घातला. तिथे तो बुद्ध विहारात राहू लागला, पाली शिकू लागला आणि एक दिवस चीवर घेऊन भिक्खू झाला. बाईंचं घर छप्पन सालापासून बौद्ध. घरात भिक्खू होणं ही अभिमानाची गोष्ट होती आणि गल्लीनं हार घालून तो साजराही केला. पण पुढे तो आणखी शिकायला लंकेत, कँडीच्या एका विहारात गेला आणि परत आलाच नाही. पत्रं यायची, खुशालीची. माजरीच्या मायचे डोळे मोतीबिंदूनं अंधुक झाले होते. बाईंनी पत्र वाचून दाखवलं की ती दर वेळी एकच विचारायची, "येतो म्हणते का?" बाई पत्राची घडी घालत म्हणायच्या, "लिहिलं नाई, माय."

मग एका वर्षी मायनं सांगून टाकलं, "वनू, तू जाय आन् त्याले घेऊन ये." आणि बाई निघाल्या. तिकडच्या पवित्र जागा पाहायच्या आहेत असं त्यांनी शाळेत सांगितलं. मला मात्र खरं सांगितलं, कारण मला सोबत नेणार होत्या.

मला का, तर मला इंग्रजी येतं असा शाळेत समज होता. मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाले होते. इंग्रजीत मी कुणाशी एक वाक्यही बोलले नव्हते हे कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

माझ्या वडिलांची परवानगी काढायला बाई आमच्या गावी आल्या, मूल गावाच्या बाजूला. धानाची मळणी चालू होती. बाई खळ्यावरच बसल्या आणि बसल्या बसल्या सुपानं धान पाखडू लागल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरीले समुद्र पाहू द्या."

बाबा म्हणाले, "समुद्र कायले पाह्यजे, बाई? आसोलामेंढ्याचा तलाव आहे ना इथी."

"तोच मोठा होऊन तिकडं नोकरीले लागला समजा."

बाबा हसले आणि तिथेच सगळं संपलं. आईनं मात्र मला आत नेऊन विचारलं, "लंकेत पाणी उकळून देतात का?"

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला शाळेत आला. गणवेशातला शिपाई मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरला हे राजुऱ्यानं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत बाईंनी काय केलं असावं याच्या बऱ्याच गोष्टी गावात तयार झाल्या. मी कटात सामील आहे हे सगळ्या गोष्टींत सारखं होतं. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता आगाऊ पोट्टे वर्गात गप बसतीन."

पाठीवर लावायच्या पिशव्या बाईंनी ताडपत्रीच्या शिवून घेतल्या, ज्या शिंप्याकडून ट्रकवाले ताडपत्री दुरुस्त करून घ्यायचे त्याच्याकडून. दोन पट्टे, वर दोरी. त्या पिशवीला पाऊस लागत नसे आणि पाठीला हवाही. बाईंच्या पिशवीत दोन साड्या, एक चादर, पातेलं, तिखट-मिठाच्या पुड्या आणि हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचा मोठा डबा. सुखदेवला गोळाभात आवडायचा. आमच्याकडे भरड्याचे तिखट गोळे करून भातात शिजवतात आणि वर तेलाची फोडणी ओततात, तो. माझ्या पिशवीत उशी, चिवडा, इस्त्री केलेल्या साड्या आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. शब्दकोशच सगळ्यात जड होता आणि तो मी एकदाही उघडला नाही.

बल्लारशाहून मद्रास, मद्रासहून रामेश्वर, आणि तिथून बोटीनं तलैमन्नार. तेव्हा ती बोट चालायची. रामेश्वरला बाईंनी तमिळ बोलायला सुरुवात केली. समोरचा हमाल शांतपणे ऐकत राहिला आणि मग हिंदीत म्हणाला, "माताजी, हिंदी में बोलिए." बाई मला म्हणाल्या, "पाह्य, समजलं त्याले."

बोटीवर मला समुद्र लागला. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि मला वाक्य पाठ करून घेत होत्या. विहाराच्या मोठ्या भन्त्यांपुढे मी ते इंग्रजीत म्हणायचं होतं. आई म्हातारी आहे, डोळ्यांनी दिसत नाही, एकुलता मुलगा आहे, त्याला आमच्यासोबत पाठवा. एवढंच. मी ओकारी आवरत पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी विचारलं, "बाई, भेटल्यावर तुम्ही त्यांच्या पाया पडणार?" भिक्खू वयानं लहान असला तरी घरचे त्याला वंदन करतात हे मला राजुऱ्यात राहून ठाऊक झालं होतं.

बाई म्हणाल्या, "त्याच्या? त्याचा शेंबूड म्या पुसला, मंगले." आणि मला वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

तलैमन्नारच्या कस्टमवर अधिकाऱ्यानं भरड्याचा डबा उघडला. पिवळी भरड पूड. त्यानं मला इंग्रजीत विचारलं हे काय आहे. माझ्या बी.ए.नं त्या दिवशी मला एवढंच दिलं, "फूड. ब्रदर." तो पुन्हा काही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, "ब्रदर." बाईंनी चिमूटभर भरडा तळहातावर घेतला, तोंडात टाकला, चावला, आणि डबा त्याच्यापुढे धरला. साहेबांपुढे दाणे धरले होते तसाच. त्यानंही चिमूट घेतली. मग त्यानं मागच्या दोघांना बोलावलं आणि त्यांनीही घेतली. आमचं सामान पुढे न तपासता सोडलं.

आता बाईंची शहर पाहायची रीत सांगते, कारण मला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू तीच आहे. कुठल्याही नव्या शहरात उतरलं की मी घाबरून आधी रिक्षा, आधी खोली, आधी दार लावायची कडी शोधायची. बाई स्टेशनबाहेर पिशवी ठेवून तिच्यावर बसायच्या. काही न करता. मी म्हणायची, "बाई, सगळे बघताहेत." त्या म्हणायच्या, "पाहू दे. आधी शहराले आपल्याले पाहू दे. मंग आपण पाहू." आणि खरंच, थोड्या वेळानं लोक पाहायचे थांबत. कुणी जवळ येऊन विचारी, कुठून आलात. मग बाई उठायच्या. पहिला नळ पाहायच्या, पाणी किती जोरात येतं ते. मग खिडकीच्या किंवा ओट्याच्या कडेवरून बोट फिरवून बोट निरखायच्या. माजरीत बारा महिने वाळत घातलेला कपडा काळा होऊन आत येतो, त्यामुळे त्यांना प्रत्येक गावाची धूळ तपासायची सवय. शेवटी बाजार. काही घ्यायचं नसलं तरी वांगी हातात घेऊन दाबून पाहायची. देवळं, राजवाडे त्यानंतर.

अनुराधापुरात आम्ही उतरलो. मोठमोठे पांढरे स्तूप, झाडी, विस्तीर्ण तळी, आणि पांढरी वस्त्रं नेसलेली माणसं फुलं घेऊन चाललेली. मी भारावून गेले, डोळ्यांत पाणीबिणी. बाईंनी बोधिवृक्षाला वंदन केलं, तेव्हा त्या खूप वेळ उठल्या नाहीत. उठल्यावर मात्र म्हणाल्या, "भद्रावतीच आहे वं हे. तळे मोठे, एवढंच." भद्रावती माजरीच्या शेजारची, जुनी बौद्ध लेणी आणि तळी असलेली. ती तक्रार नव्हती. परकं गाव ओळखीचं निघालं याचं त्यांना समाधान होतं.

कोलंबो मात्र मला भिववून गेलं. स्टेशनबाहेर गर्दी, हॉर्न, दमट उकाडा. रस्त्याच्या टोकाला घरांच्या वर एक उंच चिमणी दिसली. आमच्या गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्यांच्या अशाच चिमण्या, म्हणून मी समजुतदारपणे म्हटलं, "इथेही सिमेंट करतात वाटतं." बाईंनी पाहिलं. तेवढ्यात ती चिमणी हळूच डावीकडे सरकू लागली. ते जहाज होतं. रस्ता संपला की समुद्र आणि समुद्रात हे एवढं जहाज, असं शहर मी कधी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. बाई इतक्या हसल्या की चहावाल्यानं विचारलं काय झालं, आणि त्यांनी त्याला मराठीत सगळं सांगितलं. तोही हसला. तिथे कोरा चहा आणि सोबत गुळाचा खडा देतात, हातात गूळ धरून चावायचा आणि वर चहा प्यायचा. बाईंना ते फार पटलं. आणि आभार मानायला तिथे 'स्तुती' म्हणतात, तेही पटलं. पुढे आयुष्यभर त्या राजुऱ्यात भाजीवाल्यालाही स्तुती म्हणत राहिल्या.

कोलंबोच्या बाजारात मी बाईंना हरवलं. खरं म्हणजे मी हरवले. एका साडीच्या दुकानासमोर थांबले आणि वळून पाहते तो बाई नाहीत. मी गल्ल्यांतून धावले, घामाघूम झाले, रडकुंडीला आले, भारतीय वकिलातीचा पत्ता कुणाला विचारावा याचं इंग्रजी जुळवू लागले. मग एका वळणावर भाजीवाल्या बायकांच्या ओळीत, एका पोत्यावर, आमच्या बाई बसलेल्या. मांडीवर शेंगा, हात चालू, दोन्हीकडच्या बायकांशी गप्पा चालू, त्या सिंहलीत आणि ह्या आपल्या झाडीबोलीत. मला पाहून म्हणाल्या, "आली का? म्या म्हटलं, एकाच जागी बसलं तं तुले सापडीन." मी तिथेच पोत्यावर बसले. मला शेंगा दिल्या.

कँडीला आम्ही दुपारी पोहोचलो. डोंगरांच्या मधोमध शहर आणि शहराच्या मधोमध तळं. हवा गार. बाई नेहमीप्रमाणे स्टेशनबाहेर पिशवीवर बसल्या, पण त्या दिवशी लगेच उठल्या. विहाराकडे जाणाऱ्या चढावर एका विधवा बाईनं खोली दिली. बाई तिला अक्का म्हणू लागल्या आणि अक्काला ते आपोआप कळलं, कारण तिच्या भाषेतही थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. मी म्हटलं, "चला बाई, आधी भेटून येऊ." त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं? किती वर्सांनं भेटून राह्यलो." आणि अक्काच्या चुलीशी बसून गोळाभात मांडला.

अक्का सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून काही सांगत होती. मग दाराकडे, मग विहाराकडे, मग मान हलवायची. मला वाटलं तिला चूल मोकळी करून हवी आहे. मी इंग्रजीत म्हटलं, "वेट, वेट." ती कपाळाला हात लावून बसली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा आम्ही विहारात पोहोचलो. डब्यात गरम गोळाभात, वर फडकं. सुखदेव बाहेर आला. मी त्याचा फोटो पाहिला होता, त्याहून बारीक, डोकं तुळतुळीत, चीवर नीट पांघरलेलं. बाई म्हणाल्या, "किती वाळला रे." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाल्या. तो एक पाऊल मागे सरला. अनादरानं नाही. भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही, सख्ख्या बहिणीचाही नाही. बाईंचा हात हवेत राहिला. मग त्यांनी तोच हात पदराकडे नेला, पदर डोक्यावर घेतला, गुडघे टेकले आणि फरशीला कपाळ लावून तीन वेळा वंदन केलं. शेंबूड पुसलेल्या भावाला. मी दुसरीकडे पाहिलं.

उठल्यावर त्यांनी डबा उघडला. वास सगळ्या ओसरीभर गेला. "घे. आधी खाऊन घे. मंग बोलू."

तो हसला, पण डब्याकडे हात नेला नाही.

"काऊन? पोट बिघडलं?"

"बाई," तो हळू म्हणाला, "बारा वाजून गेले ना."

दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. आणि ही गोष्ट बाईंइतकी कुणाला माहीत असणार? राजुऱ्यात भन्ते आले की भोजनदानाची सगळी व्यवस्था बाईंकडे. अकराच्या आत ताटं वाढली गेली पाहिजेत म्हणून त्या अख्ख्या वस्तीला पहाटेपासून पळवायच्या, मलाही पळवायच्या. पण तो नियम भन्त्यांचा होता. सुखदेव भुकेला आहे एवढंच त्यांना त्या दुपारी ठाऊक होतं. त्यांनी झाकण लावलं. ते लवकर बसेना. म्हणाल्या, "भुललीच मी." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

तो गोळाभात अक्काच्या घरी खाल्ला गेला. मला वाटलं होतं आमचं तिखट त्यांना सोसणार नाही. लंकेची माणसं तिखटाला भीत नाहीत. अक्कानं आणखी मागितला आणि मागता मागता पुन्हा घड्याळाकडे बोट दाखवून बाईंना खूप रागावली. बाई खाली मान घालून ऐकत होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या. मग अक्कानं खुणेनं सांगितलं, उद्या सकाळी दोघी मिळून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी चुलीशी. उरलेला सगळा भरडा संपवला. अक्कानं नारळाच्या दोन भाज्या केल्या. विहारात पोहोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. भोजनाच्या दालनात भन्ते ओळीनं बसले होते, ज्येष्ठ आधी, मग त्याहून धाकटे, या क्रमानं. वाढायचंही त्याच क्रमानं. सुखदेव ओळीच्या शेवटाकडे होता. मला काळजी वाटली, त्याच्यापर्यंत गोळे पुरतील ना. बाई शाळेत खाऊ वाटल्यासारख्या प्रत्येकाच्या पात्रात सारखं वाढत गेल्या. सुखदेवपाशीही तेवढंच वाढलं. त्याच्याकडे पाहिलं नाही, पुढे गेल्या.

सगळे जेवू लागले. सुखदेव जेवेना. ओळीच्या सुरुवातीला एक फार म्हातारे भन्ते होते, हात थरथरणारे. तो आपलं पात्र तिथेच ठेवून उठला, त्यांच्याजवळ जाऊन बसला, गोळा भातात बारीक कुस्करला, कालवला, आणि त्यांना एकेक घास देऊ लागला. म्हातारे भन्ते सावकाश चावत होते. घास गिळला की मान हलवत. तो घाई करत नव्हता. भिंतीवर घड्याळ होतं. बाई खाली बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भावाकडून घड्याळाकडे, घड्याळाकडून त्याच्या गार होणाऱ्या पात्राकडे जात होते. त्यांचे हात मांडीवर रिकामे होते. बाकीच्यांची जेवणं उरकत आली. मलाच ओरडावंसं वाटलं की अहो, आता तुम्ही खा.

तो जागेवर परत आला तेव्हा काटा बाराकडे झुकला होता. त्यानं मान खाली घालून भराभर जेवायला सुरुवात केली. कसा, तर शाळेची घंटा झाल्यावर पोरं जेवतात तसा. दोन्ही गोळे संपले. बाईंनी श्वास सोडला तो मला शेजारी ऐकू आला.

मग मंगलपाठ झाला. त्या म्हाताऱ्या भन्त्यांच्या शेजारी बसलेले विहाराचे प्रमुख, मोठे भन्ते, आमच्याकडे वळले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, बहीण एवढ्या लांबून आली आहे, मला कारण कळतं. आम्ही कुणाला बांधून ठेवत नाही. तिनं घरी बोलावलं आणि त्याला जावंसं वाटलं तर तो जाऊ शकतो. तिला काय मागायचं आहे?

मी बाईंना मराठीत सांगितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं इंग्रजी तयार होतं. बोट, गाडी, बस, सगळीकडे घोकलेलं. मी घसा साफ केला. सुखदेव खाली पाहत होता. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे."

"बाई, पण माय..."

"राहू दे म्हटलं ना. त्यायले पुस, थंडीच्या दिवसांत पांघराले भेटते का याले."

हे वाक्य मी घोकलं नव्हतं. "कोल्ड. ब्लँकेट. ब्रदर," असं काहीतरी मी म्हटलं. मोठे भन्ते हसले नाहीत. म्हणाले, मिळतं. लोकरीचं. बाईंनी हात जोडले.

नंतर तळ्याच्या काठावर आम्ही बसलो होतो. मी विचारलं नाही, त्याच बोलल्या. "त्याले ओढून नेला असता, तं त्या म्हाताऱ्याले भात कोन कालवून देते?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "मायनं त्याले असंच भरवलं. लहानपणी जेवतच नव्हता." मग पुढचा सगळा दिवस त्यांनी मला कँडीभर पायपीट करवली. नळ पाहिले, बाजार पाहिला, विहाराच्या मागची विहीर पाहिली, भन्त्यांची चीवरं वाळत घालतात ती दोरी पाहिली. मी दमून म्हटलं, "बाई, आता काय राहिलं?" त्या दोरीखालच्या कट्ट्यावरून बोट फिरवत होत्या.

त्यानंतर मी आणखी दोन देश पाहिले, यांच्यासोबत आणि लेकीसोबत. प्रत्येक वेळी स्टेशनबाहेर बॅगेवर बसले आणि घरच्यांना लाज आणली. पण त्या शहरांची मला भीती वाटली नाही. मूलच्या खळ्यावरची पोर एवढी धीट झाली ती बाईंमुळे. हे त्यांना मी कधी नीट सांगितलं नाही. राजुऱ्यातून माझी बदली झाली, नंतर त्या निवृत्त झाल्या, आणि आता त्या नाहीत. म्हणून इथे लिहिते. स्तुती, बाई.

मला त्या डोळ्यांसमोर येतात त्या मात्र राजुऱ्यातल्या नाहीत, माजरीतल्या. परतल्यावर आम्ही आधी तिकडेच गेलो. माय अंगणात बाजेवर बसली होती. पावलांची चाहूल घेत म्हणाली, "वनू? कोन कोन आहा?"

"मी आहो. आन् मंगला."

माय पुढच्या पावलांची वाट पाहत राहिली. ती आली नाहीत. मग हळूच म्हणाली, "नाई आला."

"नाई आला, माय." बाई पाठीवरची पिशवी न काढताच तिच्याजवळ बसल्या. "म्याच नाई म्हटलं त्याले, ये म्हणून."

मायनं चाचपत लेकीच्या पाठीवरच्या पिशवीला हात लावला. मग तिनं विचारलं, "गाव कसं आहे?"

"चहूकडून डोंगर आहेत. मधात तळं. तळ्याच्या कडंनं रस्ता जाते, अस्सा वळून. मंग चढ लागते. चढावर त्याचं विहार."

"पाणी?"

"मागंच हीर आहे. नळही आहे."

"कपडे?"

"वाळू घातलं तं तसंच राह्यते, माय. पिवळं ते पिवळंच. म्या बोट फिरवून पाह्यलं."

"जेवते?"

"जेवते. पह्यले एका बुढ्या भन्तेले भरवते, मंग जेवते."

मायनं हे ऐकून घेतलं. ओठ हलले, पण कशासाठी ते मला कळलं नाही. मग ती म्हणाली, "भरवते म्हणते. मंग राहू दे त्याले तिथी." आणि लगेच, "तळं केवढं आहे, सांग बरं."

माझी राजुऱ्याची बस होती. मी निघाले. फाटकाशी वळून पाहिलं. बाई अजून तशाच बाजेवर बसल्या होत्या, पाठीवर पिशवी, आणि हात लांब करून हवेत त्या तळ्याचा काठ सावकाश काढत होत्या. मायला दिसत नव्हतं, तरी तिची मान त्या हाताबरोबर हळूहळू वळत चालली होती.